पडद्यामागचं पाणी

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला मुलांच्या कानात कोमट तेल सोडणाऱ्या समस्त आयांना, आज्यांना आणि आत्यांना आधीच सांगून टाकते: सोडू नका. संपादकांनी मला "सणाचा अंक आहे, जरा गोड लिहा" असं बजावलं होतं. मग त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी सांगायला हवं होतं. मी लोणावळ्याच्या बाजारात पुष्कळ वर्षं कानाचा दवाखाना चालवला आणि त्यातला निम्मा वेळ लोकांनी प्रेमाने ओतलेलं तेल बाहेर काढण्यात घालवला. लसूण घालून कढवलेलं तेल, कांद्याचा रस, शेळीचं दूध, आणि एकदा तर चक्क रॉकेल. कानात फक्त आवाज जाऊ द्यावा एवढीच माझी जन्मभराची मागणी होती, आणि नेमकी तीच लोकांना पटत नसे.

बाई डॉक्टरने बाळंतपणं करावीत, अशी त्या काळी जगाची अपेक्षा. मी कानाचं शिकून आले हे ऐकल्यावर लोक माझ्याकडे कीव केल्यासारखे बघत. लोणावळ्यात तेव्हा बंगल्यांवर जाणारे एक मोठे डॉक्टर होते. पहिल्याच भेटीत त्यांनी हसत विचारलं, "नुसत्या कानावर दवाखाना चालेल का हो?" मी म्हटलं, "माणसाला दोन असतात. चालेल." त्यानंतर ते माझ्यासमोर जपून हसत.

माझे कंपाउंडर इस्माईलभाई. जन्म लोणावळ्यातला, घर बाजाराच्या मागे, अंगाने काटकुळे आणि जिभेने तिखट. गिऱ्हाईक दारात दिसलं की ते हळूच सांगत, "बाई, कांद्याचा रस आला." आणि तो कांद्याचाच रस निघे. एक चिक्कीवाला दर पावसाळ्यात यायचा. त्याला मागणी ऐकू यायची, पण घासाघीस ऐकू यायची नाही. त्याचे कान ठणठणीत होते. "याला औषध नाही, बाई," इस्माईलभाई म्हणाले, "याच्या बापालाही हाच आजार होता."

आता थोडी धंद्यातली गोम सांगते, कारण ती कळल्याशिवाय पुढची हकीकत कळायची नाही.

आपला कान आत कोरडा नाही. सर्वांत आत, कवटीच्या हाडात, गोगलगायीच्या शंखासारखी एक पोकळी आहे आणि ती पाण्यासारख्या द्रवाने भरलेली आहे. ऐकण्याची नस तिथे. म्हणजे बाहेर हवा, आत पाणी, आणि आवाजाने हवेतून पाण्यात शिरायचं. इथेच सगळं अडतं. हवा आणि पाणी जिथे भेटतात त्या सीमेवर आवाजाला दोन अटी पाळाव्या लागतात. पहिली, दोन्ही बाजूंचा दाब सारखा हवा. दुसरी, सीमेपाशी हवा जेवढी हलेल तेवढंच पाणी हललं पाहिजे, कारण मध्ये फट पडता कामा नये आणि एकाने दुसऱ्यात घुसताही कामा नये.

हे मला इस्माईलभाईंना दवाखान्याच्या दाराशीच समजावता आलं. ते आतून दार ढकलत होते आणि बाहेरून एक हमाल भलंमोठं पोतं घेऊन त्याच दाराला टेकला होता. दारावर दोघांचा दाब सारखा. दार हलेल तेवढेच दोघंही हलणार, म्हणजे जवळजवळ नाहीच. "मग माझा जोर गेला कुठं?" इस्माईलभाईंनी विचारलं. "तुमच्याकडेच परत आला," मी म्हटलं, "मागे सरकलात ना?" हवा ही इस्माईलभाईंसारखी हलकी, भरपूर हलणारी, पण ढकलायला अंगात जोर नाही. पाणी त्या हमालासारखं. हवेतून पाण्यावर आदळणाऱ्या आवाजाचा हजारातला जेमतेम एक हिस्सा आत शिरतो. बाकीचा मागे फिरतो.

म्हणून निसर्गाने मध्ये एक बारकी खोली ठेवली आहे. तीही हवेचीच. तिच्या बाहेरच्या अंगाला मोठा पडदा, आतल्या अंगाला इवलीशी खिडकी, आणि दोन्हींना जोडणारी तीन हाडं. पडद्यावरचा सगळा दाब त्या खिडकीवर गोळा होतो, जसा अंगठ्याचा जोर टाचणीच्या टोकावर. मग पलीकडच्या पाण्याला हलावंच लागतं. पण याच खोलीत सर्दीचं पाणी साठलं तर सीमाच अलीकडे सरकते. आवाज पडद्यावरच पाण्याला धडकतो आणि आल्या पावली परत जातो. नस शाबूत, पण माणूस बहिरा.

हे पाणी काढता येतं. शंखातलं बिघडलं तर मात्र काही करता येत नाही. घाटात आयुष्यभर इंजिन चालवलेले एक ड्रायव्हर माझ्याकडे आले होते. ते ओरडून बोलत, कारण त्यांना स्वतःचाही आवाज पोहोचत नसे. पडदे स्वच्छ होते, पण आतली नस भोंग्यांनी आणि बोगद्यांनी खाऊन टाकली होती. माझं "नाही" त्यांनी माझ्या ओठांवरून वाचलं. नात झाली होती त्यांना, आणि तिचं बोबडं बोलणं ऐकायचं होतं. त्या माणसाला मी रिकाम्या हाताने परत पाठवलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

तर, कोण कुठल्या जातीचा बहिरा हे ओळखायला माझ्याकडे एक नादकाटा होता. दोन पायांचा पोलादी चिमटा, ठोकला की घुमणारा. तो कानासमोर धरायचा आणि मग त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवायचा. हाडावर जास्त ऐकू आला तर नस चांगली, वाट तुंबली आहे. आणि उपचार झाल्यावर शेवटी कुजबुजीची चाचणी. रोग्याला खुर्चीत बसवायचं, त्याच्या पाठीमागे उभं राहून हलक्या आवाजात एकेक वाक्य बोलायचं, आणि त्याने ते जसंच्या तसं मोठ्याने म्हणायचं. नुसती मान हलवलेली मी चालवून घेत नसे. माणसं बहिरी असली की फार माना हलवतात.

हिरा माझ्याकडे आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईआधीच्या एका पावसाळ्याच्या शेवटी. कार्ल्याच्या अलीकडचं गाव. नाव सांगत नाही, तिथे पुष्कळांची नातवंडं नांदताहेत. तिला तिचे वडील घेऊन आले होते. त्यांना सगळे भाऊ म्हणत.

"दोन पावसाळं झालं, हिला ऐकू येत न्हाई," भाऊ म्हणाले. "सासरची मानसं म्हनत्यात, बहिरी पोर आमच्या गळ्यात बांधली. जावायाची दुसरी सोयरीक बघितलीया."

"तिला काय म्हणायचंय?" मी विचारलं.

"ती काय म्हननार? तिला कुटं ऐकू येतंय?"

हिरा माझ्या ओठांकडे बघत होती. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मला माजा आवाज लय मोटा येतो. बाकी समदं लांब."

मी खुर्चीतून उठलेच. नसेने बहिरा झालेला माणूस ओरडतो. वाट तुंबलेला माणूस हळू बोलतो, कारण स्वतःचा आवाज त्याला हाडांतून घुमत येतो. सासरी तिला मुळूमुळू बोलणारी, गरीब स्वभावाची म्हणत. तो स्वभाव नव्हता, लक्षण होतं. नादकाटा कानासमोर धरला तर तिने मान हलवली, नाही. कानामागच्या हाडावर टेकवला तर ती दचकली आणि हसली. बाहेरच्या वाटेत सासूने दर अमावास्येला घातलेल्या तेलाचा आणि मळाचा बोळा होता. त्याच्या मागे, पडद्यापलीकडे, भाताच्या खाचरात उभं राहून ओढवून घेतलेल्या सर्दीचं पाणी.

"बरी होईल," मी भाऊंना सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. तो बसता तरी उपयोग नव्हता, कारण बसायला हवा होता तो तिच्या सासऱ्यांचा. त्यांना सारं गाव आबा म्हणे. नदीकाठची चांगली जमीन त्यांची, आणि त्यांचा बांध कुणी चार बोटं कोरला तर तालुका हलवतील असा माणूस. पंचांपुढे दुसऱ्या सोयरिकीचं ठरायचं होतं. भाऊंनी मला तिथे येऊन चार शब्द सांगायची गळ घातली. इस्माईलभाई म्हणाले, "बाई, जाऊ नका. तिथं तुमचं कोण ऐकणार?" त्यांच्या त्या वाक्यामुळेच मी गेले.

गावात मारुतीच्या देवळापुढे मंडळी बसली होती. मी नस, पडदा, पाणी असं सगळं सांगितलं. आबांनी मिशीवरून हात फिरवला. "डॉक्टरीणबाई, कानात पानी असल्यावर आवाज आत जायाला काय झालं? पान्याला काय दार असतंय?"

"असतं," मी म्हटलं. "चला डोहावर. दाखवते."

आता नाही म्हणणं त्यांना शोभणार नव्हतं. सगळं गाव इंद्रायणीच्या डोहावर आलं. मी आबांना म्हटलं, "तुम्ही पाण्यात डोकं बुडवा. गाव तुम्हाला हाका मारील. वर आल्यावर सांगा काय ऐकलंत ते."

आबांनी पागोटं उतरवून एका गड्याच्या हातात दिलं आणि नाक धरून बुडी घेतली. गावाने अशी संधी आधी कधी पाहिली नव्हती. बायाबापड्यांसकट सगळ्यांनी "आबाऽऽ" म्हणून जो गजर केला, त्याने पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. कुणी हाकेच्या पुढे दोन वेगळे शब्दही जोडले, ते मी इथे लिहीत नाही. आबा वर आले, डोळ्यांतलं पाणी निपटलं आणि चिडून म्हणाले, "गप का बसलाय समदी? थट्टा करताय व्हय माजी?"

गाव लोटपोट हसलं. मी त्यांना पुन्हा बुडी घ्यायला लावली आणि या खेपेला दोन गोटे पाण्याखाली धरून एकमेकांवर हलकेच आपटले. काठावरच्यांना काही ऐकू आलं नाही. आबा मात्र कानाला हात लावून ताडकन वर आले. "पाण्यातला आवाज पाण्यातच राहतो आणि हवेतला हवेत," मी म्हटलं. "तुमच्या सुनेच्या कानात असाच एक डोह साठलाय. तो मी काढून देते."

आता गावासमोर त्यांना बोलणं भाग होतं. "कान आलं तर नांदवू," आबा म्हणाले. "न्हाई आलं तर दुसरी सून आनू." पंचांनी माना डोलावल्या. मी जिंकल्याच्या थाटात टांग्यात बसले.

उपचार फार मोठा नव्हता. बोळा पिचकारीने धुऊन काढला. पडद्याला बारीक चीर दिली, पाणी निघालं. मग रबरी फुग्याने नाकातून हवा भरायची. रोग्याने पाण्याचा घोट तोंडात धरायचा, मी खूण केली की गिळायचा, आणि त्याच क्षणी मी फुगा दाबायचा, म्हणजे मधल्या खोलीत पुन्हा हवा शिरते. पहिल्या खेपेला हिराने घोट गिळण्याऐवजी इस्माईलभाईंच्या सदऱ्यावर उडवला. दुसऱ्या खेपेला जमलं. काही दिवस हे चाललं. मग एकदा मी नेहमीसारखं तिच्याशी बोलायला गेले, तर तिने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"बाई," ती म्हणाली, "तुमी लय मोट्यानं बोलता."

इस्माईलभाई हसत हसत मोरीकडे गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. मी तिला तिथेच जवळ घेतलं.

हिराने मला एकच गोष्ट मागितली. कानात कापूस ठेवून सासरी जाते, पंच बसतील तोवर कुणाला सांगू नका. मला वाटलं, पोरीला सासरच्यांना पंचांसमोरच चकित करायचं असेल. मी कबूल केलं.

पंच बसले त्या दिवशी मी ठेवणीतलं लुगडं नेसून गेले होते. मी उठून जाहीर करणार, तोच हिरा पुढे आली आणि तिने कानांतला कापूस काढून देवळाच्या पायरीवर ठेवला. ती बोलू लागली, आणि नेहमीसारखंच हळू बोलू लागली.

"मोट्यानं बोल," आबा म्हणाले. "कुनाला ऐकू येत न्हाई."

"मी बोलते तसंच बोलनार. ज्येला ऐकायचं त्येनं गप बसावं."

मागची मंडळी पुढे सरकली.

"कान आलं," हिरा म्हणाली. "कवाच आलं. घरात मी बहिरी म्हनून माज्या म्होरंच समदी बोलत हुती. सासूबाई म्हनल्या, बहिरी हाय त्येच बरं, सांगंल त्ये करती, उलटून बोलत न्हाई. आबा म्हनलं, डॉक्टरीण काय बी करूं दे, दुसरी आनायची ती आनायचीच. नवी घरात ऱ्हाईल, ही खाचरात." ती नवऱ्याकडे वळली. "आनि तुमी म्हनला, बरं." मग ती आबांकडे वळली. "आबा, तुमचा शबूद तुमच्यापाशी. मी नांदायला येनार न्हाई. मला काडी मोडून द्या."

काडीमोड म्हणजे पंचांसमोर गवताची काडी मोडायची आणि नातं तोडायचं. ती मागायची पुरुषाने, अशी गावाची समजूत. एक पंच माझ्याकडे वळून म्हणाले, "डॉक्टरीणबाई, समजवा पोरीला. तुमीच कान दिलं, आता नांदायला लावा."

खरं सांगते, चार शब्द समजुतीचे बोलायचं माझ्या मनात आलं होतं. मी तिला बरी केली होती ती सासरी पाठवायला. माझी सगळी फुशारकी त्यावर उभी होती. पण मी तिच्याकडे पाहिलं आणि मला माझंच हसू आलं. कान म्हणजे काय मी कुणाच्या दावणीला बांधायचा दोर दिला होता? "मी कानाची डॉक्टर आहे," मी म्हटलं. "तिला ऐकू येतं. तुम्हालाही येतं. आता काडी आणा."

काडी आणली. नवऱ्याने ती मोडली. हिराने एक तुकडा उचलून पायरीवरच्या कापसाशेजारी ठेवला.

आबांनी याचा राग माझ्यावर काढला. त्या भागातल्या माणसांनी माझ्या दवाखान्याची पायरी चढू नये, असा त्यांनी दंडक घातला. "ती बाई सुना बिघडवती," असं बाजारच्या दिवशी बोललं जाई. मोठ्या डॉक्टरांनीही मला सबुरीचा सल्ला दिला. मी दवाखान्याची पाटी उतरवून नवी लावली, पहिलीपेक्षा मोठी. इस्माईलभाईंनी ती रंगवली आणि कानाचं चित्र असं भव्य काढलं की वाटसरू थांबून बघत. हळूहळू माणसं येऊ लागली, सरळ रस्त्याने नाही तर तुंगार्लीकडून वळसा घालून. कान दुखायला लागला की आबांचा दंडक कोण लक्षात ठेवतो?

हिरा माझ्याकडेच राहिली. तिला पिचकारी शिकवली, नादकाटा शिकवला, आणि कुजबुजीची चाचणी पुढे कायमची तिच्याकडेच गेली. त्या चाचणीला आवाज नेहमी सारखाच लागतो, ना चढ ना उतार. माझा स्वभाव माझ्या आवाजात उतरतो, म्हणून माझ्या चाचण्या फसत. हिराचा आवाज कान आल्यावरही तसाच राहिला होता, पण आता तो तिने ठरवून ठेवला होता.

लढाई आली, संपली. एक दिवस दवाखान्याच्या दारात मोटारीने आलेले आबा उभे. पुष्कळ खचले होते. ते काहीतरी बोलले, पण मला ऐकू येईना. ज्यांच्या हाकेने शिवार दचकायचं ते आबा हळू बोलत होते! हळू बोलणारा बहिरा म्हणजे काय, हे वाचकांना आता मी वेगळं सांगायला नको.

मी मोठ्याने विचारलं, "तेल कोण घालतं?"

"घरची," ते पुटपुटले. मग आत डोकावून त्यांनी विचारलं, "ती हाय का हितं?"

"आहे. चाचणी तीच घेते. नको असेल तर मोटार अजून उभी आहे."

आबा थोडा वेळ उंबऱ्यात घुटमळले. बाकावर बसलेली माणसं त्यांना ओळखत होती आणि डोळे विस्फारून बघत होती. शेवटी ते आत आले आणि खुर्चीत बसले. मी दोन्ही कान धुतले. निघालेला बोळा इस्माईलभाईंनी भांड्यात धरून सगळ्यांना दिसेल असा बाहेर नेला. मग हिरा आबांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.

"ती जे बोलेल ते जसंच्या तसं मोठ्याने म्हणायचं," मी आबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "मान हलवायची नाही. म्हणायचं."

"भात कापायला आला," हिरा कुजबुजली.

"भात कापायला आला," आबा म्हणाले. त्यांचा तो जुना आवाज परत आला होता, सगळ्या बाजाराला ऐकू जाणारा.

"बैल दावनीला बांधला."

"बैल दावनीला बांधला."

हिरा दोन पावलं मागे सरकली. चाचणीत तसं सरकायचंच असतं. तिचा आवाज तोच होता, ना चढ ना उतार. "मी नांदायला येनार न्हाई," ती म्हणाली.

"मी नांदायला," आबांनी सुरुवात केली आणि ते थांबले. इस्माईलभाई भांडं हातात धरून दारातच उभे होते.

मी म्हटलं, "पूर्ण म्हणा, आबा. अर्धं म्हटलेलं मी धरत नाही."

आबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. मग मान खाली न घालता, समोरच्या भिंतीकडे बघत, ते म्हणाले, "मी नांदायला येनार न्हाई."

हिराने पिचकारी उचलली आणि ती धुवायला मोरीकडे निघाली.

"बाई," ती जाता जाता म्हणाली, "आबांना ऐकू आलं."